दोन जावांच्या जांभळ्या पुड्या

"ऐका हो ऐका! गावातल्या ज्या बायकांची पाळी जाऊन दोन वर्षं झालेली हायेत, त्यांनी सोमवारी सकाळी धा वाजता रवळनाथाच्या देवळात जमावं. हाडांची फुकट तपासणी हाय हो!"

ग्रामपंचायतीच्या गुंडू शिपायानं हे कर्ण्यावरून तीनदा पुकारलं. मी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होते. आमचे हे ओसरीवर पेपर वाचत होते, त्यांनी पेपर इतका वर उचलला की तोंडच दिसेना. तेवढ्यात गोठ्यातनं माझी थोरली जाऊ वच्छलाक्का शेणानं भरलेल्या हातानिशी बाहेर आली.

"मुडदा बशिवला त्या गुंड्याचा! आता कर्ण्यावरनं आमची वयं सांगणार व्हय ह्यो?"

"आक्का, तुमचं नाव नाही घेतलं त्यानं."

"नाव कशाला घ्याय पायजे? सोमवारी देवळात कोण कोण जातंय ते गाव बघणारच की!"

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. मी तेव्हा बावन्न वर्षांची, आजरा तालुक्यातल्या आमच्याच गावात अंगणवाडीत सेविका. वच्छलाक्का अठ्ठावन्नची. आमचं घर एक, देवघर एक, तुळस एक, पण चुली दोन. त्याच्या नऊ वर्षं आधी माझ्या माहेरच्या पाहुण्यांसमोर ती म्हणाली होती, "आमच्या शालनच्या भाकरीला पापुद्रा म्हणून येत न्हाई." त्याच संध्याकाळी मी परसदारच्या खोलीत वेगळी चूल मांडली. तेव्हापासून आमचं भांडण रोजचं. सकाळी एकदा झालं नाही तर दोघींच्या नवऱ्यांना वाटायचं, कुणीतरी आजारी आहे.

सोमवारी देवळात चाळीस बायका आल्या. एकही स्वतःसाठी आली नव्हती. जिला विचारावं ती म्हणायची, मी आपली हिच्या सोबतीला आले. मीही तेच सांगितलं. वच्छलाक्का म्हणाली, "मी शालनच्या सोबतीला आले. तिला एकटीला भ्या वाटतं."

कोल्हापूरच्या एका कॉलेजातनं अश्लेषा हुक्केरी नावाची डॉक्टरीण आली होती. असेल अठ्ठावीस-तीस वर्षांची, बारीक चणीची, बोलताना हात हलवणारी. तिनं एक पेटीसारखं यंत्र मांडलं होतं. त्यात पायाची टाच ठेवायची, ते घुर्रर्र करायचं आणि हाडाचा आकडा यायचा. आकडा उण्यात आला आणि अडीचच्या खाली गेला, की हाडं ठिसूळ.

माझा आला उणे दोन पॉइंट चार. वच्छलाक्काचा उणे दोन पॉइंट नऊ.

वच्छलाक्कानं डॉक्टरला विचारलं, "म्हंजे माझी हाडं हिच्यापेक्षा जास्त झिजली?"

"हो काकू, थोडी जास्त."

झालं! ती सगळ्या बायकांकडं वळली. "ऐकलं न्हवं? मशीन खोटं बोलत न्हाई. त्या घरात कुणी हाडं झिजवली ते आज निघालं भाईर. मी आठ वर्षं आधी आले. हंड्यानं पाणी मी आणलं, भात मी मळला. ही आली तवा नळ आलता."

"आणि सासूबाईंचं सगळं कुणी केलं?" मी म्हटलं. "अकरा महिने रात्रीची उशाशी कोण बसलं?"

"दिवसाची मी बसले हुतेच की!"

"डॉक्टर, माझी टाच परत बघा," मी म्हटलं. "नीट ठेवली नव्हती."

खरं सांगते, मला माझा आकडा तिच्यापेक्षा वाईट यायला हवा होता. सगळ्या गावासमोर ती जास्त कष्टाची ठरली, याची आग आग झाली जिवाची. डॉक्टरीण आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघत राहिली.

मग तिनं समजावलं. पाळी गेली की बाईच्या अंगातलं एक द्रव्य कमी होतं आणि हाडं भराभरा झिजायला लागतात. जांभूळ, करवंद, तुती यांच्या जांभळ्या रंगात काही गुण असतात, त्यानं ती झीज कमी होते का, हे तिला बघायचं होतं.

"बाई, जल्मभर जांभळं खाल्ली आमी," वच्छलाक्का म्हणाली. "जीभ काळी झाली. हाडं काय लोखंडाची झाली न्हाईत."

"तेच तर नीट कुणाला माहीत नाही, काकू. उंदरांवर करून बघितलंय, तिथं थोडा फरक दिसलाय. माणसांत अजून पक्कं काही सांगता येत नाही."

"म्हंजे उंदरं झाली, आता आमचा नंबर!"

देवळात हशा पिकला. डॉक्टरीणही हसली. मग तिनं मुद्द्याची गोष्ट सांगितली. प्रत्येकीला दर महिन्याला एक डबा मिळणार, त्यात पुड्या. रोज सकाळी एक पुडी पाण्यात ढवळून प्यायची. निम्म्या बायकांच्या डब्यात खरी जांभळा-करवंदाची पूड असणार, निम्म्यांच्या डब्यात नुसता तसला रंग आणि तसली चव. सहा महिन्यांनी परत टाच तपासायची.

"कुणाचं खरं आणि कुणाचं खोटं?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"ते मलाही माहीत नाही. चिठ्ठ्या टाकून ठरवलंय, आणि यादी माझ्या सरांच्या कपाटात बंद आहे."

"तुला बी म्हाईत न्हाई?" वच्छलाक्का म्हणाली. "मग तू डॉक्टर कसली गं?"

"काकू, म्हणूनच तर ते खरं ठरतं! आणि एक हात जोडून सांगते. एकमेकींचं खायचं नाही. अदलाबदल करायची नाही. माझा तीन वर्षांचा अभ्यास या पुड्यांवर आहे."

आम्ही चाळीस जणींनी देवाच्या समोर माना डोलावल्या.

डबे वाटताना ती प्रत्येकीच्या हातात नुसता डबा देत होती. माझ्या हातात देताना मात्र म्हणाली, "शालनकाकू, तुम्ही अंगणवाडीच्या बाई. तुम्ही अजिबात चुकवू नका हं." मी तिथंच ओळखलं. हिला यादी माहीत नाही म्हणे! खोट्या पुडीसाठी कोण इतकं बजावून सांगेल? माझं खरं होतं. म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या वच्छलाक्काचं खोटं. निम्म्यांचं खरं, निम्म्यांचं खोटं, असा माझा हिशेब.

घरी येताना ती पुढं चालत होती आणि मी मागं. तिची पाठ दिसत होती. वरच्या अंगाला थोडी वाकली होती. सासूबाईंची पाठही अशीच आधी थोडी वाकली होती. पुढच्या दोन वर्षांत त्यांचं तोंड जमिनीकडं झालं, आणि एक दिवस अंगणात नुसत्या वळल्या आणि पडल्या. खुबा मोडला. अकरा महिने खाटेवर. त्यांना कुशीवर वळवताना त्या ओरडायच्या ते मला अजून ऐकू येतं. आणि वच्छलाक्कानं आदल्याच वर्षी गोठ्यात घसरून मनगट मोडून घेतलं होतं. उणे दोन पॉइंट नऊ. मला धास्तीच बसली. ती सासूबाईंसारखी खाटेवर पडलेली मला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

तोंडावर मी म्हटलं, "आक्का, नीट चाला. पाय ओढताय तुम्ही."

"तू तुझ्या भाकरीचं बघ," ती म्हणाली.

डबे कोरड्या जागी ठेवायचे होते, म्हणून दोन्ही देवघरातल्या फळीवर ठेवले. डब्यावर नाव होतं, आतल्या पुड्या मात्र सगळ्या सारख्या, चंदेरी. संध्याकाळी वच्छलाक्का डेअरीला दूध घालायला गेली. मी देवघराचं दार लोटलं, दोन्ही डबे पदरात ओतले आणि तिच्या पुड्या माझ्या डब्यात, माझ्या तिच्या डब्यात भरल्या. देवाकडं बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पुडी प्याले. काही चव नाही हो! देवळात पहिली पुडी आम्ही सगळ्या डॉक्टरसमोर प्यालो होतो, तेव्हा तोंड कसं आवळलं होतं. ही नुसती पाणचट. मनात म्हटलं, खोटं ते खोटंच. आणि समोर वच्छलाक्का पितळेच्या पेल्यातनं पीत होती, तिचं तोंड वाकडं झालं. मला कसलं समाधान वाटलं म्हणून सांगू!

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आरोग्य केंद्राची आशाताई डबे घेऊन यायची आणि संध्याकाळी वच्छलाक्का डेअरीला गेली की मी माझं काम उरकायची. चौथ्या महिन्यात तेवढं चुकलं. निपाणीला भाचीचं डोहाळजेवण होतं, चार दिवस राहावं लागलं. परत आले तोवर डबे उघडलेले. त्या महिन्यात चांगली पुडी मलाच पोटात ढकलावी लागली, तर ती घशाखाली उतरेना.

पण गुण यायला लागला होता! वच्छलाक्का माळ्यावरच्या शेणी-गोवऱ्या स्वतः काढायला लागली. मी खालून बघत राहायची. आणि गंमत अशी की तीही माझ्याकडं तशीच बघायची. एकदा मी शिडीवर चढून कौल सारखं करत होते, तर नेहमी "उतर, पडशील" म्हणून ओरडणारी बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चढ, चढ. तुला आता काय धाड भरलीया?"

मला वाटलं, टोमणा मारतेय. मीही वरूनच दोन वाक्यं ऐकवली.

सहा महिने झाले. परत देवळात यंत्र आलं. वच्छलाक्का उणे दोन पॉइंट नऊ होती, ती उणे दोन पॉइंट आठ झाली. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. माझा आकडा होता तिथंच, दोन पॉइंट चार. मी मनात म्हटलं, बरोबरच आहे, मी रंगाचं पाणी प्याले.

मग डॉक्टरीण एकेकीकडनं कागदावर सही घ्यायला लागली. त्यावर लिहिलं होतं, मी माझ्याच डब्यातल्या पुड्या घेतल्या, कुणाशी बदलल्या नाहीत. पस्तीस सह्या झाल्या. मला पेन देताना ती म्हणाली, "शालनकाकू, तुमच्या गावानं माझं नाव राखलं. दुसऱ्या गावात निम्म्या बायकांनी मधेच सोडून दिलं. हे चाळीस हाताला लागले म्हणून माझा अभ्यास पुरा होतोय. नाहीतर माझी तीन वर्षं पाण्यात."

पेन माझ्या हातात. मी रोज पंचवीस पोरांना शिकवत होते की खोटं बोलू नये, बोललं की देवबाप्पा रागावतो. आणि देव समोरच होता.

"डॉक्टर," मी म्हटलं, "मी नाही सही करणार."

"का?"

"मी पुड्या बदलल्या."

डॉक्टरीण हसतच होती, तिला कळलंच नव्हतं. मग तिचं हसणं हळूहळू गेलं. "किती?"

"सगळ्या. दर महिन्याला. माझ्या आक्कांच्या डब्यात, आक्कांच्या माझ्या डब्यात. मधला एक महिना सोडून. आक्कांचा काही दोष नाही, त्यांना माहीत नाही."

पोरगी मटकन खाली बसली. कागद हातातनं सुटले. बायका माझ्यावर तुटून पडल्या. आम्ही काय मूर्ख म्हणून पाळलं का, शिकलेली बाई म्हणवते आणि असं करते, त्या पोरीचं वाटोळं केलंस. मी मान खाली घालून ऐकत होते. पण सगळ्यांत मोठा आवाज आला वच्छलाक्काचा.

"माझ्या डब्याला हात लावलास तू? कुणाला इचारून?"

"आक्का, तुमचं खोटं होतं. माझं खरं होतं, म्हणून दिलं."

"तुझं खरं? कुणी सांगितलं तुला? माझं खरं हुतं! हिनं माझं नाव वहीत लिवलं तवा खाली दोन रेघा वढल्या. मी डोळ्यांनी बघितल्यात!"

डॉक्टरीण कसंबसं म्हणाली, "काकू, तुमचं नाव चुकलं होतं, म्हणून खोडून..."

पण वच्छलाक्काला दम कुठला! "माझं खरं हुतं म्हणून तर मी दर म्हैन्याला ते हिच्या डब्यात घालत हुते!"

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. आपण काय बोलून बसलो हे वच्छलाक्काच्याही ध्यानात आलं. तिनं पदर तोंडाला लावला.

डॉक्टरीण सावकाश उठली. कोऱ्या कागदावर दोन डबे काढले. "शालनकाकू, तुम्ही कधी बदलायच्या?"

"सोमवारी संध्याकाळी. आक्का डेअरीला गेल्या की."

"आणि वत्सलाकाकू, तुम्ही?"

"मंगळवारी पाटंचं," वच्छलाक्का पदरातनं म्हणाली. "ही न्हाणीत गेली की. सकाळची पुडी प्यायच्या आधी."

डॉक्टरणीनं कागदावर बाण काढले. इकडून तिकडं, तिकडून इकडं. कागदाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. आणि ती जी हसायला लागली, खांबाला टेकून, डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर! "अहो, म्हणजे पाच महिने दोघी आपापलंच प्याला की!"

चाळीस बायकांचं हसणं देवळाबाहेर गेलं. गुंडू शिपाई डोकावून गेला. मी त्या पाणचट चवीचा विचार करत होते, ती माझीच पुडी होती. चौथ्या महिन्याचा तेवढा घोळ झाला होता, तेव्हा वच्छलाक्कानं बदलल्या आणि मी निपाणीत.

हसणं ओसरल्यावर डॉक्टरीण म्हणाली, "पण तुम्हा दोघींना मला वगळावंच लागेल. नियम तो नियम. अडतीसांवर भागेल माझं." मग हळूच म्हणाली, "खरं सांगितलंत ते बरं केलंत, काकू. सही करून गेला असता तर मला कधी कळलंच नसतं."

आम्ही दोघी घरी निघालो. ओढ्याजवळ आल्यावर वच्छलाक्का म्हणाली, "का केलंस गं?"

"तुमचं उणं जास्त होतं."

"म्हणून?"

"म्हणून." मी ओढ्यात उतरायला चपला काढल्या. "तुम्ही का केलं?"

"तू खाटंवर पडलीस तर दिसभर तोंड चालवशील. कोण ऐकून घेणार?" असं म्हणून ती भराभर पुढं गेली.

वर्षभरानं डॉक्टरीण परत आली, पेढे घेऊन. डॉक्टरच्या वर डॉक्टर झाली होती. देवळात सगळ्यांना तिनं निकाल सांगितला. सहा महिन्यांत खऱ्या पुडीच्या आणि खोट्या पुडीच्या बायकांत म्हणावा असा फरक दिसला नाही. रक्तातल्या एका तपासणीत किंचित दिसला, पण त्यावरनं छातीठोक काही बोलता येत नाही, आणखी मोठा अभ्यास करायला हवा. "म्हणून जांभळं जरूर खा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका," ती म्हणाली. "नाचणी, दूध, ऊन आणि चालणं. आणि ज्यांचा आकडा अडीचच्या खाली आहे त्यांनी डॉक्टरच्या गोळ्या घ्यायच्या. वत्सलाकाकू, ऐकताय ना?"

मग ती आमच्या घरी चहाला आली. ओसरीवर बसली. वच्छलाक्कानं तिच्या चुलीवर चहा केला, मी माझ्या चुलीवर, दोन्ही तिला प्यावे लागले. जाताना उठत म्हणाली, "यादी उघडली. तुमचंही बघितलं. सांगू का?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

"सांग," वच्छलाक्का म्हणाली. "एकदाचा निकाल लागू दे."

"दोघींच्याही डब्यात खोट्याच पुड्या होत्या. चिठ्ठीत तशाच आल्या."

मला हसू आलं. सहा महिने चोरून मारून, देवाकडं पाठ करून, मी रंगीत साखर इकडची तिकडं केली! मी हसत वळले तर वच्छलाक्काचं तोंड लालबुंद. सासूबाई गेल्या, तिचा स्वतःचा भाऊ गेला, तेव्हाही मी तिच्या डोळ्यांत पाणी बघितलं नव्हतं. ते आता आलं होतं.

"खोटं?" ती डॉक्टरणीच्या अंगावर धावलीच. "अगं, माझ्या शालनला खोटं का दिलंस? मला दिलंस ते दिलंस. म्हातारी हाय मी, माझं काय व्हायचं ते हुईल. सा म्हैनं मी माझ्या हातानं तिच्या डब्यात खोटं भरलं! हिच्यामागं मला हाय कोण? तिचं हाड मोडलं तर मी काय करू?"

डॉक्टरीण घाबरून माझ्याकडं बघायला लागली. माझ्या शालनला म्हणाली. एकतीस वर्षं एका छपराखाली काढली, पण हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

मी तिचा हात धरला, तिला पायरीवर बसवलं आणि डॉक्टरणीला म्हटलं, "डॉक्टर, मनावर घेऊ नका. त्यांचं बोलणंच तसलं आहे."

"नाही हो काकू, मला वाईट नाही वाटलं."

"बरं झालं," मी म्हटलं. आणि मग माझा आवाज मलाच न विचारता चढला. "पण मला एक सांगा, उणे दोन पॉइंट नऊ होतं त्यांचं, मनगट मोडलेलं होतं, तुम्हाला सगळं माहीत होतं. माझ्या आक्काला खोटं द्यायला तुमचा हात कसा हो धजला?"